बसक्या नाकाची रायफल

८ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार

ऑफिसात दर वर्षी एक सप्लायर जाडजूड डायरी देतो. यंदाच्या डायरीत मी आजवर फक्त डेंटिस्टची अपॉइंटमेंट लिहिली होती. आज लिहायला बसले, कारण हे सगळं प्रज्योतला सांगितलं तर तो हसेल असं वाटलं. सांगितलं, आणि तो हसलाच. नवऱ्याचा स्वभाव अठरा वर्षांत पाठ झालाय, तरी मी सांगायची थांबत नाही.

तर, इथे आखातात आमच्या नेमबाजीच्या क्लबात जानेवारीअखेर जुन्या फौजी रायफलींची मॅच ठरलीय. क्लबाच्या शस्त्रागारातली एक रायफल निवडायची आणि मॅचपर्यंत तीच वापरायची. दुर्बीण लावायची नाही, फौजेत होती तशीच ठेवायची. सफाई, दुरुस्ती, लाकूड नीट बसवणं एवढं चालेल, तेही तिथेच बसून. शस्त्रागार हुसेनच्या ताब्यात आहे. इथल्याच मुहर्रकचा माणूस, साठीच्या पुढचा. तरुणपणी मुंबईला खूप राहिल्यामुळे हिंदी फर्डं बोलतो आणि मला मदाम म्हणतो.

त्याने हिरव्या कापडावर रायफली ओळीने मांडल्या होत्या. मी तिसऱ्या रायफलीपाशी गेले आणि तिथेच थांबले. नंबर वन मार्क थ्री, इशापूरच्या कारखान्याचा शिक्का. हिची नळी पुढच्या लोखंडी टोपीच्या आतच संपते, म्हणून ती पुढून बसक्या नाकाची दिसते. बाबांच्या पलटणीच्या फोटोत सगळ्यांच्या हातात हीच आहे. बाबा महार रेजिमेंटमध्ये होते, भरती झाले तेव्हा पहिली रायफल हातात आली ती ही. मला चिडवायचे, ‘बाकीच्या रायफली चोच काढून बसतात, आपलीचं नाक बसकं. अगदी तुझ्यासारखं.’ मी रडायचे, आणि आई त्यांना ओरडायची.

शेजारीच नंबर फोर होती. धाकटी बहीण म्हणावी अशी, पण हिची नळी दोन-तीन बोटं बाहेर आलेली. म्हणजे चोचवाली.

घरी येताना गाडीत खेडचा माळ आठवत राहिला. मी लहान असताना बाबा सुट्टीवर आले की मला माळावर न्यायचे आणि निशाण ओळखायला शिकवायचे. फौजेत निशाण बोटाने दाखवत नाहीत, शब्दांत सांगतात. त्याला बयान म्हणतात. ‘सामने. वडाचं झाड. झाडापासून घड्याळाच्या चारवर, दोन बोटं. काळा दगड.’ मी एक डोळा मिटून, हात लांब करून बोटं मोजायची आणि दगड सापडला की ओरडायची, ‘दिखा, उस्ताद!’ दिसल्याशिवाय दिखा म्हणायचं नाही, हा नियम. एकदा मी खोटंच म्हणाले तर बाबांनी त्या दगडावर काय ठेवलंय ते विचारलं. त्यांनी आधीच जाऊन तिथे माझ्यासाठी आवळे ठेवले होते. ते आवळे मला मिळाले नाहीत.

१० नोव्हेंबर

आज बाबा पाऊण तास बोलले! हे लिहून ठेवायलाच हवं. गेलं दीड वर्ष ते फोनवर ‘बरी आहेस ना, जेवलीस ना’ एवढंच विचारतात आणि फोन आईच्या हातात देतात. मी चिडते, मग वाईट वाटतं, मग पुन्हा चिडते. एवढा गप्पिष्ट माणूस असा का झाला असेल? आई म्हणते, वय झालं.

आज मी म्हटलं, ‘जय भीम बाबा. थ्री-नॉट-थ्री हातात आलीय.’

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ‘कुठली? मार्क थ्री?’

‘मार्क थ्री आहे, आणि नंबर फोरपण आहे. निवडायची आहे. थांबा, फोटो दाखवते.’

‘दाखवू नको. बयान कर.’

व्हिडिओत नेहमीप्रमाणे छताचा पंखा आणि बाबांचा कान. फोन समोर धरा म्हणून कितीदा सांगितलं, ऐकत नाहीत. मी बयान करायला लागले. लाकडाचा रंग कसा, खांद्याला टेकायच्या बटवर चीर कुठे, मागे-पुढे सरकणाऱ्या बोल्टवरचा नंबर आणि रायफलीवरचा नंबर एकच आहे का. मी अडखळले की ते खेकसत होते, ‘लाकूड काळपट म्हणजे कसं? जांभळासारखं की गुळासारखं?’ अगदी पूर्वीसारखे. मग म्हणाले, ‘नळी बघितलीस? बोल्ट काढ, मागे अंगठ्याचं नख आडवं धर, उजेड नखावर पडू दे, आणि पुढून बघ. आत पिळाचे आटे लखलखले तर घे. खड्डे दिसले तर आपल्या बापाची असली तरी सोड.’

पाठीमागून आई म्हणाली, ‘औषध घालायचंय तुमच्या...’ आणि मध्येच थांबली. बाबा म्हणाले, ‘घालू नंतर.’

फोन ठेवल्यावर मी प्रज्योतला म्हटलं, मॅचचं काय व्हायचं ते होवो, बाबा बोलत राहिले पाहिजेत. रायफल त्यासाठीच घ्यायची. तो या वेळी हसला नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज नख धरून बघितलं. बसक्या नाकाच्या रायफलीची नळी आतून गंजाने खाल्लेली, खड्डेच खड्डे. नंबर फोरची मात्र लखलखीत. शिवाय मार्क थ्रीची मागची साइट म्हणजे नेम धरायला डोळ्यापासून लांब, नळीवर बसवलेली खाच. माझ्या चाळिशीच्या डोळ्यांना ती पुसट दिसते. नंबर फोरला डोळ्याजवळ बारीक भोक आहे, त्यातून बघितलं की पुढची टोकदार काडी स्वच्छ उभी राहते.

‘मदाम,’ हुसेन म्हणाला, ‘दिल इधर है, गोली उधर जाएगी. सोच लो.’

मी नंबर फोर घेतली. घेताना बसक्या नाकावरून हात फिरवून तिची माफी मागितली. हुसेनने दुसरीकडे बघितलं, भला माणूस आहे.

बाबांना आधी सांगितलं नाही. म्हटलं स्वतःच बघू देत, चोच बघून शिव्या घालू देत, त्यातही मजा आहे. हुसेनच्या परवानगीने, बोल्ट काढून, त्याच्याच खोलीतून व्हिडिओ लावला. आज आईने फोन समोर धरला असावा, बाबांचा पूर्ण चेहरा दिसला. गॉगल लावून बसले होते, घरात! मी पुढचं टोक कॅमेऱ्याला चिकटवायचंच बाकी ठेवलं. ‘बघा बाबा. ओळखा.’

बाबा हसले. ‘ओळखली. नाक बसकं.’

मी रायफल थोडी फिरवली, बाहेर आलेली नळी आडवी धरली. आंधळ्यालाही कळेल इतकी ती बाहेर आहे.

‘हीच ती,’ बाबा म्हणाले. ‘छान ठेवलीय.’

आई पटकन म्हणाली, ‘दिसतंय गो त्यांना, चांगलं दिसतंय,’ आणि रेंज नाही म्हणून फोन ठेवला. दिखा म्हणाले नाहीत ते, तो नियमही विसरले असतील.

१७ नोव्हेंबर

प्रज्योत म्हणतो स्क्रीन लहान असते, अठ्ठ्याहत्तरीचा माणूस आहे, जाऊ दे. पण मी बाबांना ओळखते. अंधारात नुसत्या खटक्यावरून कुठली रायफल ते सांगणारा माणूस आहे हा. ऑफिसातल्या एकीच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी वस्तू, मग रस्ते, मग माणसं. मी तिला आज कॉफीच्या वेळी उगाचच सुरुवातीची लक्षणं विचारली. तिने सांगितलं, ‘गप्प होतात.’

त्यानंतर एका इन्व्हॉइसवर मी दोनदा चुकीची तारीख टाकली.

२९ नोव्हेंबर

आज क्लबात माझी शोभा झाली. गेल्या शुक्रवारी रायफलीचं लाकूड कोरडं ठणठणीत वाटलं, एसीने सगळा ओलावा खाल्लेला. म्हटलं तेल द्यावं. आमच्याकडे लाटण्यापासून उंबऱ्यापर्यंत आणि जन्मलेल्या बाळापासून म्हातारीच्या गुडघ्यापर्यंत सगळ्याला एकच तेल. घरून आणलेलं नारळाचं तेल मी चांगलं चोळचोळून लावलं. आज शस्त्रागाराच्या गारठ्यात ते थिजून सगळ्या लाकडावर पांढरा थर बसलेला, आणि खोलीभर नुकतीच वेणी घातल्यासारखा वास.

हुसेन म्हणाला, ‘मदाम, राइफल को स्कूल भेजना है?’

बाजूला क्लबातला प्रवीण होता, तो इतका हसला की त्याला खुर्ची धरावी लागली. प्रवीण अमवाजला, इथल्या उच्चभ्रू वस्तीत राहतो, त्याच्याकडे शूटिंगचं सगळं अद्ययावत सामान असतं आणि सल्लेही. हुसेनने जवसाचं तेल दिलं. आधीचं पुसून, हे थोडं थोडं, तळहात गरम होईपर्यंत चोळायचं. ‘शुवय शुवय,’ म्हणाला, हळूहळू. संध्याकाळपर्यंत लाकूड गुळाच्या रंगाचं झालं.

बाबांना फोनवर सांगितलं तर ते इतके हसले की ठसका लागला. ‘अगो बाय, ते डोक्याला लावायचं!’ मग बराच वेळ आपल्या ट्रेनिंगचं सांगत होते. पॅराशूट सिल्कची चिंदी, नळीतून ओढायची पुलथ्रूची दोरी, उकळत्या पाण्याने नळी धुवायची ती कशी. एकेक शब्द जागच्या जागी. मी डोळे मिटून ऐकत होते. बरं वाटलं, आणि भीतीही वाटली. त्या ऑफिसातल्या मुलीने हेच सांगितलं होतं, जुनं सगळं लख्ख आठवतं.

६ डिसेंबर

संध्याकाळी गुदैबिया भागातल्या एका ओळखीच्यांच्या मोठ्या फ्लॅटमध्ये आम्ही इथली आपली मंडळी महापरिनिर्वाण दिनासाठी जमलो होतो. वंदना झाली, मेणबत्त्या लावल्या. घरी चैत्यभूमीचा विषय निघाला की बाबा नेहमी सांगायचे, पलटणीत होते तेव्हा या दिवशी ड्यूटीवर असले तरी मनातल्या मनात वंदना म्हणायचे. तिथूनच बाबांना फोन लावला, सगळ्यांनी त्यांना जय भीम घातला. ते खूश झाले आणि लगेच रायफलीवर आले.

‘नाकाची टोपी काढलीस? आत एक बारीक स्प्रिंग आणि खुंटी असते. ती नळीला खालून उचलून धरते. लेकराच्या हनुवटीखाली आपण बोट धरतो ना, तशी. तो आधार गेला की गोळी भरकटते. पहिला तो बघ.’

माझ्या रायफलीला ती स्प्रिंगच नाही. नंबर फोरला नसतेच. ते मार्क थ्रीबद्दल बोलत होते, जी तिथेच रॅकमध्ये गंजत पडलीय. मी ‘हो बाबा, बघते’ म्हटलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. एवढी माणसं आत होती, कोणाला दिसू नये म्हणून.

आता त्यांना रायफलीचं विचारायचं नाही असं ठरवलंय. विचारलं की त्यांचा गोंधळ होतो आणि माझा जीव जातो. प्रवीणला विचारीन.

१३ डिसेंबर

प्रवीण म्हणाला, सोपं आहे. आजकाल चांगल्या रायफलीत नळी कुठेच लाकडाला टेकू देत नाहीत, मोकळी तरंगती ठेवतात. माझ्या नळीखाली पुढे लाकडाचा उंचवटा होता, त्याने तो पॉलिश पेपरने घासून सपाट केला. मी बघत होते, टॉर्चही मीच धरला. काम सफाईदार झालं. हुसेन नमाजाला गेला होता, आल्यावर त्याने लाकडावरचा भुसा बोटाने उचलून बघितला.

त्यानंतर मारलेल्या गोळ्या निशाणावर अशा पसरल्या की जणू चार वेगळ्या माणसांनी मारल्या होत्या. पहिल्या दोन मध्ये, मग नळी तापत गेली तशा वर आणि उजवीकडे. प्रवीण म्हणाला दारूगोळा खराब असेल.

१६ डिसेंबर

इथल्या नॅशनल डेची सुट्टी. खाली रस्त्यावर लाल-पांढरे झेंडे लावलेल्या गाड्या हॉर्न वाजवत चालल्यात. बाबांसाठी हा दिवस एकाहत्तरच्या विजयाचा, म्हणून फोन करणं भाग होतं. रायफलीचं काढायचं नाही ठरवलं होतं, पण त्यांनीच काढलं.

‘हनुवटीखालचं बोट बघितलंस?’

मला राहवलं नाही. ‘बाबा, माझ्या रायफलीला ती स्प्रिंग नाही हो. नाहीच आहे.’

मला वाटलं कॉल गेला. प्रज्योतने लांबूनच हाताने काय झालं विचारलं. मग बाबांचा आवाज आला, पण अगदी हळू.

‘नाही होय. बरं. मग तिथे लाकूडच उचलून धरत असेल. मध्ये कागदाची पट्टी घालून बघ. पट्टी सरळ सरकली तर आधार गेलाय.’ थोड्या वेळाने म्हणाले, ‘आईला देतो.’

आई नेहमीचं बोलली. मला उगाच बोलले असं झालंय. त्यांची चूक त्यांच्या तोंडावर मारली मी, तीही आजच्या दिवशी.

२० डिसेंबर

पट्टी घातली. लोण्यातून सुरी जावी तशी सरकली.

म्हणजे बाबांनी सांगितलेलं वस्तू म्हणून चुकलं असेल, पण मुद्दा म्हणून पक्कं होतं. हनुवटीखालचं बोट आम्हीच कापून टाकलं, टॉर्च धरून. हुसेनला सगळं सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला नाही, चहा मागवला. म्हणाला, पूर्वी अशा वेळी कॉर्कचा तुकडा लावायचे, नियमात बसतं.

प्रज्योत मीना सलमान बंदरात जहाजांच्या इंजिनांची कामं करणाऱ्या वर्कशॉपमध्ये आहे. त्याला म्हटलं, कॉर्क मिळेल? तो म्हणाला, ‘गॅस्केटची शीट हवी तेवढी. जाडी सांग.’ बाई, हा माणूस हसण्यापलीकडेही कामाचा आहे.

२७ डिसेंबर

प्रज्योत शुक्रवारचा ओव्हरटाइम सोडून क्लबात आला, येताना मासे तोलायचा स्प्रिंगचा काटा घेऊन. कॉर्कची पट्टी चंद्रकोरीसारखी कापून नळीखाली बसवली. मग काट्याने नळी वर ओढायची आणि कितीला कागद सुटतो ते बघायचं. पहिली पट्टी जाड झाली, दुसरी तुटली. तिसरी बसली. हुसेन, प्रज्योत आणि मी तिघं एका काट्यावर वाकलो होतो, मासळी बाजारात आल्यासारखे. प्रवीणही येऊन बघून गेला, आणि मोठ्या मनाने म्हणाला की त्याला हे माहीत नव्हतं. त्यामुळे मला त्याच्यावर फार वेळ रागावता आलं नाही.

मग नेम धरून ट्रिगरचा पहिला दाब घेतला, थांबले, अर्धा श्वास सोडला, आणि दुसरा दाब कधी सुटला ते कळलंही नाही. निशाणाच्या कार्डावर सगळ्या गोळ्या एका तळहाताखाली झाकल्या जातील अशा.

फोन केला. आई म्हणाली, झोपलेत. तिथे संध्याकाळचे सहा वाजले असतील.

१२ जानेवारी २०२५

बाबा पुन्हा गप्प झाले. ‘बरी आहेस ना, जेवलीस ना.’ सोळा डिसेंबरपासून हेच. मी कॉर्कचं सांगितलं, तर ‘शाब्बास’ म्हणाले आणि फोन दिला. मीच घालवलं सगळं. थोडी खोटी मान डोलावली असती तर काय बिघडलं असतं?

रजा मंजूर झाली. मॅच झाली की जाते. गेल्या वर्षीची सगळी रजा मुलीच्या पुण्याच्या ॲडमिशनमध्ये गेली, आणि त्याआधी खेडला गेले ती एका दिवसासाठी, नात्यातल्या लग्नाला. तेव्हा बाबा दारात बसले होते. मी हाक मारायच्या आधीच म्हणाले, ‘आलीस? तुझं पाऊल ओळखलं मी.’ किती बरं वाटलं होतं. या वेळी पाऊल ओळखतील का कोण जाणे. जाऊन एकदा नीट डॉक्टरला दाखवायचं आहे, डोक्याच्या.

३१ जानेवारी, शुक्रवार

मॅच झाली. वारा होता, वाळू डोळ्यात येत होती. मी चौथी आले. पहिला एक निवृत्त इंग्रज, त्याला मिळायलाच हवं होतं, इतका शांत मारतो. पण माझं शेवटचं कार्ड सगळ्या मॅचमधलं सगळ्यात जवळ-जवळ बसलेल्या गोळ्यांचं होतं, एक भरकटलेली सोडली तर. ती मारताना मला बाबा आठवले, म्हणून ती गेली.

हुसेनने ते कार्ड काढून गुंडाळून दिलं. ‘फादर को दिखाओ,’ म्हणाला. परत येताना मी रॅकमधल्या बसक्या नाकाकडे बघितलं. मी सोडल्यावर तिला या वर्षी कोणी हातही लावला नाही.

१५ फेब्रुवारी, खेड

सकाळी पोचले. बाबा ओट्यावर बसले होते. मला गंमत करावीशी वाटली, म्हणून रिक्षा लांब सोडून चपला हातात घेतल्या आणि त्यांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिले. बाबा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. बघतच होते. मग म्हणाले, ‘इंदू, कोणी आलंय का गो? सेंटाचा वास येतोय.’

मी हातातल्या चपला खाली ठेवल्या.

आई बाहेर आली, माझ्याकडे बघून पदर तोंडाशी नेला आणि मला आत घेऊन गेली. ‘काचबिंदू. एका डोळ्याचं आधीच गेलं होतं, दुसऱ्याचं दीड वर्षापूर्वी. थेंब घालून काय होत नाय आता. मला शपथ घातली त्यांनी. म्हणाले, तिला कळलं तर नोकरी सोडून धावत येईल. डॉक्टर म्हणाले, मुलांनी पण डोळे तपासून घ्यावेत. ते तरी घे गो बाय.’

मी आईवर खूप ओरडले. इतकी की बाहेर बाबांना ऐकू गेलं असणार. आणि ओरडता ओरडताच माझ्या डोक्यात उजाडलं की ते काहीही विसरले नव्हते. त्यांची रायफल, तिच्या नाकातली स्प्रिंग, काहीच नाही. मला एकदम इतकं हलकं वाटलं, आणि लगेच त्या हलकं वाटण्याची लाज वाटली. दीड वर्ष त्यांनी फोनवर आवाज ऐकून माझी तब्येत ओळखली, आणि मला त्यांचा गॉगल बघूनही काही कळलं नाही.

चूळ भरून ओट्यावर गेले. ‘जय भीम बाबा.’

‘जय भीम. आईला ओरडू नको, हुकूम माझा होता.’ ते सरकून बसले. ‘आणि तुझी रायफल नंबर फोर आहे, हे तू मला कधी सांगणार होतीस?’

मी त्यांच्या शेजारी बसले.

‘स्प्रिंग नाही म्हणालीस तेव्हा कळलं. म्हणजे मी चोचीला बसकं नाक म्हणून बसलो होतो, आणि तू ऐकून घेतलंस. म्हटलं आता पोरीला समजलं आपल्या डोळ्यांचं. म्हणून गप्प बसलो. काय बोलणार?’

‘मला काही समजलं नव्हतं बाबा. मला वाटलं तुम्ही विसरायला लागलात.’

‘विसरतो काय!’ ते चिडून म्हणाले, आणि मग दोघंही हसलो, जरा जास्तच.

मी कार्ड उलगडून त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी कडा चाचपल्या, मध्य शोधला, आणि अंगठ्याचं नख एकेका भोकावरून फिरवत गेले. वेळ लागला. शेजारची मंडळी डोकावून गेली, आई चहा ठेवून गेली, तो गार झाला. ‘घड्याळाच्या नऊवर दोन, चिकटून. बारावर एक. या मध्यावर तीन, यात एकाच भोकातून दुसरी गेलीय बहुतेक. आणि ही एक चारवर, बाहेर. ही का गेली?’

‘तुमची आठवण आली म्हणून.’

‘ट्रिगरवर असताना बाप आठवायचा नाय.’ त्यांनी कार्ड घडी न घालता गुंडाळलं आणि बगलेत धरलं. मग माझ्याकडे तोंड केलं, थोडं चुकीच्या बाजूला. मी सरकून त्या बाजूला गेले.

‘आता बयान कर,’ म्हणाले.

‘कशाचं?’

‘तुझं. लग्नाला आलीस तेव्हाच पुसट दिसत होतीस. त्यानंतर नाहीच.’

मग मी माळावरच्यासारखी ताठ बसले आणि त्यांच्या आवाजात सुरुवात केली. ‘सामने. एका हातावर. एक बाई, चव्वेचाळीस वर्षांची. निळा ड्रेस. केस खांद्यापर्यंत, उजवीकडे दोन बोटं पांढरे, काल रंगवायला वेळ झाला नाही. चष्मा डोक्यावर. डोळे आत्ता लाल. त्यांच्या खाली, मध्यावर, नाक. बसकं.’

बाबांनी गॉगल काढला. डोळे अगदी पूर्वीसारखेच आहेत त्यांचे. हात लांब करून त्यांनी दोन बोटं माझ्या हनुवटीखाली धरली आणि चेहरा किंचित वर उचलला.

‘दिखा, उस्ताद,’ म्हणाले.